नणंद-भावजयीचं गाणं आणि कंडक्टरांचा थर्मास

“गाणं ती गाईल. बाकीचं सगळं माझ्यावर सोडा,” असं कंडक्टरांनी स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

“बाकीचं म्हणजे?” रेकॉर्डिस्टनं विचारलं.

“बाकीचं म्हणजे बाकीचं,” कंडक्टर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

शेजारी बसलेल्या काकूंनी पदर सारखा केला आणि चपलांकडे पाहिलं. ‘माझ्यावर सोडा’ हे शब्द त्यांनी संसारात अनेकदा ऐकले होते. एकदा घराला रंग देण्याच्या वेळी ऐकले होते, तेव्हा स्वयंपाकघर जांभळं झालं होतं. एकदा धाकट्या लेकीच्या लग्नात ऐकले होते, तेव्हा मांडववाल्यानं मांडव पलीकडच्या गल्लीत घातला होता. पण आज बोलून उपयोग नव्हता. कंडक्टर आनंदात होते, आणि आनंदातल्या कंडक्टरांना थांबवणं हे ब्रेक निकामी झालेली बस थांबवण्यासारखंच होतं.

कंडक्टर म्हणजे बसचेच कंडक्टर. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण सगळी गल्ली त्यांना अजून त्याच नावानं ओळखायची. नोकरी सुटली तरी आवाज सुटला नव्हता. चालत्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा पट्टीत बोलायची सवय घरातही तशीच राहिली होती. त्यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन यायची.

आणि या आवाजात त्यांनी आयुष्यभर कुणाचं कौतुक केलं असेल तर बायकोचं. काकू जुनी गाणी म्हणायच्या. दळणाची, पाळण्याची, विहिरीवरची, लेकीला निरोप द्यायची. बायकांनी बायकांसाठी रचलेली, कुणी रचली ते कुणालाच ठाऊक नसलेली. काही आईकडून शिकलेली, काही सासूकडून. गळा असा की ऐकणारा हातातलं काम विसरावा. पूर्वी काकूंचा कुठे कार्यक्रम असला की त्या दिवशी बसमध्ये तिकिटाबरोबर आमंत्रणही मिळायचं. “पुढं सरका, पुढं सरका. आणि संध्याकाळी वाचनालयात आमच्या हिचं गाणं आहे, तिकडंही सरका.”

असा माणूस. आणि त्याच्या बायकोच्या गाण्यांचा अल्बम निघणार होता, खऱ्या स्टुडिओत, खऱ्या कंपनीकडून. कंडक्टर ‘आमचा अल्बम’ म्हणायचे. न्हाव्याला त्यांनी सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं, चुकीचा नंबर लागून फोन आलेल्या एका परक्या बाईलाही सांगितलं.

स्टुडिओ एका चपलांच्या दुकानाखाली तळघरात होता. दोन खोल्या, मध्ये जाड काच. आतल्या खोलीत माइक आणि भिंतींवर स्पंजच्या गाद्या. बाहेरच्या खोलीत बटणांनी भरलेलं एक लांबलचक टेबल आणि त्याच्यापुढे रेकॉर्डिस्ट. हा रेकॉर्डिस्ट पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस होता. आयुष्य शांतता राखण्यात गेल्यामुळे त्याचे बूटसुद्धा वाजत नसत.

पहिल्या दिवशी कंडक्टर काकूंबरोबर आतल्या खोलीत बसले. काकूंनी पाळण्याचं गाणं सुरू केलं. एवढं हळुवार की स्पंजच्या गाद्यांनाही झोप यावी. दुसऱ्या ओळीला कंडक्टर म्हणाले, “वा.”

रेकॉर्डिस्टनं काचेतून हात वर केला. पुन्हा सुरुवात. या वेळी कंडक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. ‘वा’ तोंडातून निघालं नाही, नाकातून निघालं. तिसऱ्या वेळी त्यांनी श्वास रोखून धरला आणि गाणं संपायच्या आत खोकल्याची अशी उबळ आली की वर चपलांच्या दुकानातून कुणीतरी विचारायला आलं, खाली सगळं ठीक आहे ना.

“काका,” रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला, “तुम्ही बाहेर माझ्याजवळ बसा.”

“म्हणजे टेबलावर? मशीनपाशी?” कंडक्टरांना ही बढतीच वाटली.

तेव्हापासून ते रोज काचेच्या अलीकडे बसू लागले. बरोबर भलामोठा थर्मास, काकूंच्या घशासाठी आल्याचं गरम पाणी. रेकॉर्डिस्टनं त्यांना एकच नियम घालून दिला. टेबलाच्या कोपऱ्यातलं एक लाल बटण दाखवून तो म्हणाला, “याला हात लावायचा नाही. हे दाबलं की आपण इथं बोलतो ते आत गाणाऱ्यांच्या कानात जातं. जुनं मशीन आहे, एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं.”

“मी कशाला हात लावतोय,” कंडक्टर म्हणाले.

आणि खरोखर त्यांनी कधी हात लावला नाही.

गाणी एकेक करून होत आली. रेकॉर्डिस्ट सहसा कौतुक करणारा नव्हता, पण विहिरीवरच्या गाण्याला त्यानंही कानावरचे हेडफोन काढून डोळे पुसले. कंडक्टरांनी ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की आमच्या हिनं मशीनला रडवलं.

अडलं ते शेवटच्या गाण्यावर. नणंद-भावजयीचं भांडण, थट्टेचं, सवालजवाबाचं गाणं. भावजयीनं एक टोमणा मारायचा, नणंदेनं त्याला टोमण्यानं उत्तर द्यायचं. भावजयीची बाजू काकूंना त्यांच्या आईनं शिकवली होती, ती तोंडपाठ होती. पण नणंदेची बाजू काकूंच्या माहेरी कुणाला येत नव्हती. ती यायची काकूंच्या सासूबाईंना, म्हणजे कंडक्टरांच्या आईला. तिनं ती फक्त आपल्या लेकीला शिकवली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा हे अर्धं गाणं आता जगात एकाच बाईच्या डोक्यात होतं, आणि ती बाई म्हणजे कंडक्टरांची थोरली बहीण, अक्का.

अक्का मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही रस्त्यानं चालल्या तर आजी झालेल्या बायका हातातलं खाणं पाठीमागे लपवायच्या. आणि अक्का नि काकू यांचं बोलणं जवळजवळ बंद होतं. भांडण असं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. खूप वर्षांपूर्वी काकूंच्या एका मोठ्या कार्यक्रमातून अक्का मध्येच उठून गेल्या, तेव्हापासून दोघींमध्ये फक्त “बरं आहे ना?” आणि “बरं आहे,” एवढंच उरलं होतं. का उठून गेल्या हे अक्कांनी सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही.

“ते गाणं सोडून देऊ,” काकू म्हणाल्या. “अर्धं गाणं कशाला गायचं?” हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. आपल्यामागे हे गाणं कुणी गाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. अल्बमला त्या तयार झाल्या होत्या त्या मुळात अशाच गाण्यांसाठी.

“माझ्यावर सोड,” कंडक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते अक्कांकडे गेले. “अक्का, ती रोज तुझी आठवण काढते,” त्यांनी सांगितलं. “म्हणते, वन्सं नसतील तर मला गायचंच नाही. काल तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण विचारायचा धीर होत नाही.”

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “खरं बोलतोयस, बाळ्या?”

टक्कल पडलेल्या, नातवंडं असलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. तिच्यासमोर खोटं बोलणं सोपं नसतं. पण कंडक्टर म्हणाले, “तुझी शपथ.” मग घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, “अक्का रोज तुझी आठवण काढते. म्हणते, मरायच्या आधी एकदा भावजयीबरोबर गायचंय. डोळ्यांत पाणी आलं बघ तिच्या. पण स्वतःहून म्हणायचा धीर होत नाही.”

काकूंनी आधी निवडायला घेतलेली भाजी संपवली. मग म्हणाल्या, “बोलवा त्यांना.”

कंडक्टर त्या दिवशी गल्लीतून असे चालले की जणू दोन देशांमधलं युद्ध त्यांनी एका फेरीत मिटवलं होतं.

ठरलेल्या सकाळी अक्का स्टुडिओत आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, चेहरा परीक्षेच्या पहिल्या दिवसाचा. काकू पुढे झाल्या. आता गंमत अशी, की अक्कांना वाटत होतं, हिनं रडून बोलावलंय तेव्हा पहिला शब्द हिनं बोलावा. आणि काकूंना वाटत होतं, यांनी रडून यायचं ठरवलंय तेव्हा पहिला शब्द यांनी बोलावा.

“आले मी,” अक्का शेवटी म्हणाल्या, ‘तुझ्या इच्छेला मान देऊन’ अशा सुरात.

“या ना. माझी काही हरकत नाही,” काकू म्हणाल्या, ‘तुमची इच्छा पुरी होऊ दे’ अशा सुरात.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हरकत? अक्कांच्या भुवया वर गेल्या. ‘आले मी’? काकूंचे ओठ मिटले. कंडक्टर दोघींच्या मधोमध उभे राहून हसत होते. “बघा, किती छान वाटतंय,” ते रेकॉर्डिस्टला म्हणाले.

दोघी आत गेल्या. एका माइकच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, कानांवर हेडफोन चढवले. रेकॉर्डिस्टनं खूण केली. काकूंनी पहिलं कडवं उचललं.

“नणंद आली दारी, उंबऱ्यात थांबली,
पाऊल आत नाही, जीभ मात्र लांबली.”

अक्कांनी उत्तर दिलं.

“भावजयीच्या हाती चूल गं विझली,
धूर पाहून माझी भूकच निजली.”

शब्द बरोबर होते. सूर बरोबर होते. अक्कांचा गळाही त्या वयाच्या मानानं चांगला खणखणीत होता. पण गाणं काही होईना. थट्टेच्या गाण्यात थट्टा नको का? एक बाई पाढे म्हणत होती आणि दुसरी हजेरी घेत होती. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. काकू भिंतीकडे बघून गात होत्या, अक्का माइककडे बघून. आणखी एकदा घेतलं, तर ते त्याहून वाईट झालं.

रेकॉर्डिस्टनं लाल बटण दाबून सांगितलं, “जरा दम खा. थोड्या वेळानं पुन्हा घेऊ,” आणि बटण पुन्हा दाबून सोडलं. आतल्या आवाजाचा स्पीकर त्यानं बारीक केला. रेकॉर्डिंग मात्र चालूच ठेवलं. पुन्हापुन्हा बंद-चालू करायचा त्याला कंटाळा आला होता. मग खुर्ची फिरवून, टेबलाकडे पाठ करून तो कंडक्टरांकडे वळला.

“काका, राग मानू नका. पण या दोघी एकमेकींकडे बघत का नाहीत?”

हा प्रश्न कंडक्टरांना विचारणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणं. कंडक्टरांनी थर्मास उघडला, त्या आल्याच्या पाण्याचा स्वतःच एक घोट घेतला, झाकण लावलं आणि थर्मास टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. हात त्यांनी लावला नाही. थर्मास लावला. बटण गपकन खाली गेलं.

“मोठी गोष्ट आहे,” कंडक्टर म्हणाले. “आधी हे सांगतो, की या दोघींना इथं आणलं कसं. कुणाला जमलं नसतं. मी काय केलं, अक्काला सांगितलं की ही तुझ्यासाठी रडते. आणि हिला सांगितलं की अक्का तुझ्यासाठी रडते.”

“आणि खरं कोण रडत होतं?”

“कुणीच नाही. कोण कशाला रडेल? अक्काचा विषय काढला की हिचं डोकं फिरतं. आणि अक्का तर तिसरीतल्या मुलींना रडवायची, ती काय रडणार? पण एक पाण्याचा थेंब इकडे सांगितला, एक तिकडे सांगितला, की झालं काम. बसमध्ये शिकलो. दोन भांडणाऱ्या पॅसेंजरांना एकाच सीटवर बसवायचं असेल तर दोघांनाही सांगायचं, तो सॉरी म्हणतोय.”

रेकॉर्डिस्ट हसला. कंडक्टरांना आणखी जोर चढला.

“पण मुळात झालं काय होतं?” रेकॉर्डिस्टनं विचारलं.

“ते कुणालाच माहीत नाही. एका कार्यक्रमातून अक्का उठून गेली. मला म्हणाली, डोकं दुखतंय. दुखत असेल. पण त्या कार्यक्रमात भलतीच गंमत झाली होती, ती ऐका. तिथला निवेदक एक नंबरचा मठ्ठ. आमची ही माझ्या आईची अंगाई गाणार होती. माझ्या आईची, बरं का, तिनंच शिकवलेली. निवेदक पडद्यामागे घाईघाईनं मला विचारतो, हे गाणं काकूंना कुणाकडून मिळालं? मी म्हटलं, सासूकडून. आता सासू म्हणजे कुणाची? हिची. हिची सासू म्हणजे माझी आई. सरळ आहे की नाही? पण या गाढवाला वाटलं, मी बोलतोय म्हणजे माझी सासू. आणि माझी सासू म्हणजे हिची आई. स्टेजवर जाऊन बेधडक सांगतो, ही अंगाई काकूंना त्यांच्या माहेरच्या मातोश्रींकडून मिळाली. आणि ही बिचारी मागे तंबोरा लावत बसलेली, हिला काही ऐकू गेलं नाही. मी एकटा हसत होतो. माझ्या आईचं गाणं, आणि नाव झालं माझ्या सासूचं.”

रेकॉर्डिस्ट मात्र या वेळी हसला नाही. “काका,” तो सावकाश म्हणाला, “हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? तुमच्या बहिणीला?”

“अक्काला? ती तर उठून गेली ना. डोकं दुखत होतं तिचं.” कंडक्टर बोलता बोलता थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य स्टॉप यायच्या आधी थांबलं. “ती उठली कधी बरं? निवेदकाचं झाल्यावर… लगेच…”

काचेपलीकडे दोघी बायका उभ्या होत्या. दोघींच्या कानांवर हेडफोन होते. दोघी स्तब्ध होत्या, आणि दोघी कंडक्टरांकडे बघत होत्या.

कंडक्टरांनी सवयीनं हात हलवला.

कुणी हात हलवला नाही. रेकॉर्डिस्टनं टेबलाकडे वळून पाहिलं, थर्मास पाहिला, आणि त्याच्या तोंडून निघालेला शब्द इथं लिहिण्यासारखा नाही. त्यानं थर्मास उचलला, पण आता उचलून काय होणार होतं?

पलीकडे आवाज न होता काहीतरी घडत होतं. अक्का काकूंकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. काकूंनी मान हलवली आणि त्याही काहीतरी म्हणाल्या. अक्कांनी चष्मा काढला. पुन्हा लावलाच नाही. काकूंनी अक्कांचा हात धरला. मग दोघी एकाच वेळी बोलू लागल्या, एकाच वेळी थांबल्या, आणि एकाच वेळी पुन्हा काचेकडे वळल्या.

“मी जरा वर जाऊन चप्पल बघून येतो,” कंडक्टर उठत म्हणाले.

“बसा,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. हळूच म्हणाला, पण कंडक्टर बसले. आतून आवाज येत असल्याचे दिवे मशीनवर लुकलुकत होते. रेकॉर्डिस्टनं स्पीकर मोठा केला.

काकू गात होत्या. चाल तीच, नणंद-भावजयीची. शब्द वेगळे.

“कंत माझा भोळा, दोन दारी गेला,
दोन्हीकडे खोटं एकच सांगून आला.”

अक्कांनी एक क्षणही न गमावता उत्तर दिलं, आणि या वेळी हजेरीचा सूर कुठल्या कुठे गेला होता.

“इकडे सांगे ती झुरली, तिकडे सांगे ही झुरली,
न गाळल्या आसवांवर याची होडी तरली.”

काकूंना हसू आलं, ते त्यांनी सुरातच घेतलं. अक्कांनी माइकच्या लाकडी स्टँडवर बोटांनी ठेका धरला. सासूबाई असाच ठेका पाटीवर धरायच्या. तो पाहून काकूंनी लय वाढवली. मग दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघून जुनी कडवी गाऊ लागल्या, उंबरा, चूल, धूर, सगळी, आणि मध्येच कंडक्टर यायचे, पुन्हा जुनं कडवं, पुन्हा कंडक्टर. कुठलं पिढ्यांचं आणि कुठलं आत्ताचं ते ऐकणाऱ्याला कळूच नये. जुन्या काळच्या बायकांनी हे गाणं केलं असेल तेव्हा असंच केलं असणार, समोर कुणीतरी असंच बसलेलं असणार.

शेवटी अक्कांनी गळा मोकळा सोडून म्हटलं,

“डोक्यावर चकाकी, आत नाही दिवा,
असा भाऊ माझा, हवा त्यानं न्यावा.”

आणि काकूंनी,

“नेला होता मीच, माघारी तो घ्यावा,
नणंद म्हणे, नको गं, तुझ्याकडेच ऱ्हावा.”

ही शेवटची ओळ दोघींनी मिळून पुन्हा म्हटली, आणि मग माइकसमोर दोघीही हसत सुटल्या. स्टुडिओत असं हसायचं नसतं. रेकॉर्डिस्टनं त्यांना थांबवलं नाही.

थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या. कंडक्टर खुर्चीत अंग चोरून बसले होते.

“बाळ्या,” अक्का म्हणाल्या, “इतकी वर्षं मला वाटत होतं, हिनं आईचं गाणं स्वतःच्या आईच्या नावावर लावलं.”

“आणि मला वाटत होतं, वन्संना माझं नाव झालेलं बघवलं नाही,” काकू म्हणाल्या.

“मी फक्त ‘सासूकडून’ म्हणालो होतो,” कंडक्टर म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की काकूंना पहिल्यांदाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

रेकॉर्डिस्ट खाकरला. “काकू, हेच घ्यायचं अल्बमला. दहा वेळा गायलात तरी असं पुन्हा होणार नाही. पण यात… म्हणजे काका आहेत.”

सगळे कंडक्टरांकडे बघू लागले. काकू जवळ आल्या. “अहो, तुम्ही नको म्हणालात तर हे ठेवायचं नाही. सांगा.”

“आधी एकदा ऐकवा,” कंडक्टर म्हणाले.

रेकॉर्डिस्टनं सुरुवातीपासून लावलं. कंडक्टर मान खाली घालून ऐकत होते. बायकोचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. बहिणीचा लहानपणी ऐकला होता. पण उंबऱ्याचं कडवं आणि चुलीचं कडवं एकापुढे एक, एकाच दमात, त्यांनी शेवटचं ऐकलं होतं ते आईच्या तोंडून, दोन्ही बाजू ती एकटीच म्हणायची तेव्हा. टकलाचं कडवं येऊन गेलं तरी त्यांनी मान वर केली नाही. गाणं संपलं तेव्हा त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक शिंकरलं.

“ठेवा,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “माझी एकूण कडवी किती झाली?”

अल्बम निघाला. वाचनालयातच छोटा कार्यक्रम झाला. काकू आणि अक्का शेजारी शेजारी बसल्या होत्या. या वेळी कुठलं गाणं कुणाकडून मिळालं ते माइक हातात घेऊन अक्कांनी स्वतः सांगितलं. निवेदकाला त्यांनी खुर्चीत बसवून ठेवलं होतं, हात मांडीवर ठेवून. कंडक्टर पहिल्या रांगेत होते. विहिरीवरच्या गाण्याला सगळी वाचनालयाची खोली गप्प झाली तेव्हा त्यांनी छाती अशी फुगवली की शेजारच्याला सरकावं लागलं.

पण अल्बममधलं लोकांनी उचललं ते नणंद-भावजयीचं गाणं. शाळेतल्या मुली सुट्टीत दोन बाजू करून म्हणू लागल्या. लग्नघरात वाजू लागलं. न्हाव्याच्या दुकानात तर कंडक्टर खुर्चीत बसले की कुणीतरी हमखास गुणगुणायचं, “डोक्यावर चकाकी…” कंडक्टरांना राग येईल असं लोकांना आधी वाटलं. कंडक्टर आरशातून वळून म्हणायचे, “सूर खाली लागतोय तुझा. ‘चकाकी’ला वर जायचं. आणि होडीचं कडवंही माझ्यावरच आहे, ते म्हण.” चष्मेवाल्याला ते अल्बमचं कव्हर दाखवून सांगत, “हे आमच्या हिचं नाव. हे अक्काचं. आणि गाण्याच्या आतमध्ये मी.”

एके दिवशी ते बसनं चालले होते. त्यांच्या जुन्याच मार्गाची बस. पुढच्या सीटवर एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी, एकेक इअरफोन वाटून घेऊन बसल्या होत्या. मुलगी हसत हसत गुणगुणत होती. कंडक्टरांनी ओळखलं. ते पुढे वाकले.

“नणंद-भावजयीचं ना?”

“हो, काका. तुम्हालाही येतं?”

“येतं काय? त्यातला नवरा कोण, माहिती आहे का? दोन दारी गेलेला? आत दिवा नसलेला?” कंडक्टरांनी छातीला हात लावला आणि त्यांच्या जुन्या पट्टीत, मागच्या सीटपर्यंत जाईल असं सांगितलं, “तो मी.”

बसमधली डोकी वळली. मुलीच्या आईनं कंडक्टरांना खालून वर पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात दळणाची पिशवी.

“काहीतरीच काय बोलता, काका,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “असा माणूस खरा असतो होय? रचलेलं असतं ते. असा नवरा खरंच असता, तर त्या बाईला गाणं सुचलं असतं का? डोकं धरून बसली असती बिचारी.”

“नाही, पण तो खरंच…”

“तुमच्यासारख्या शहाण्या माणसानं असं स्वतःला नावं ठेवू नये,” बाई म्हणाली आणि इअरफोन पुन्हा कानात घातला.

कंडक्टर आपल्या स्टॉपच्या आधीच उतरले. घरी आले, दळण ओट्यावर ठेवलं आणि गुपचूप पेपर उघडून बसले. आत काकू आणि अक्का कसलं तरी नवं कडवं जुळवत होत्या. काकूंनी विचारलं, “काय हो, आज इतके गप्प? बसमध्ये काही झालं का?”

“काही नाही,” कंडक्टर म्हणाले.